सत्तारची कडी

अमरावतीच्या राजापेठ डेपोवरून बस सुटल्यापासून सूर्यभानने तीनदा जागा बदलली होती. पहिल्या जागेवर ऊन येत होतं, दुसरीवर शेजारच्या माणसाची पेटी पायाला लागत होती, आणि तिसरीत काहीच खोड नव्हती तरी तो उठून चौथ्या जागेवर जाऊन बसला. बाबा, पूर्ण गाडीचं तिकीट काढलं का, कंडक्टरने विचारलं. सूर्यभान कसनुसा हसला. एप्रिलचा महिना, सकाळचे साडेनऊ वाजलेले, आणि बडनेरा यायच्या आतच खिडकीचा गज हात लावू देत नव्हता.

तो मनातल्या मनात एका गाण्याची कडी जुळवत होता. शेवट आठवत होते. पहिल्या ओळीच्या शेवटी ‘माहं गाव रं’, दुसरीच्या शेवटी ‘पुस नाव रं’. मधले शब्द आठवायला गेलं की त्या जागी दुसरेच शब्द येऊन बसत. ते त्याने स्वतःच बसवले होते, आणि बत्तीस वर्षांत ते असे घट्ट झाले होते की खालचं काही वर येईना.

काल दुपारी अकोल्याहून फोन आला होता. मी अफिफा, अब्दुल सत्तार यांची नात, पलीकडची मुलगी म्हणाली, आणि सूर्यभान बसल्या जागी ताठ झाला. बत्तीस वर्षांत त्या घरातून फोन आला नव्हता, आणि त्यानेही केला नव्हता. अफिफाने सांगितलं की बडे अब्बांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज कायमचा गेला, आणि आता डॉक्टरही फार दिवस सांगत नाहीत. चहा, पाणी, गोळी एवढं घरच्यांना कळतं. पण पाच दिवसांपासून ते काहीतरी लांबलचक सांगून राहिलेत. ओठ हलत राहतात, कोणालाच उमगत नाही, मग ते चिडून हाती येईल ते भांडं फेकतात. लिहून दाखवा म्हणावं तर अक्षरं सहीपुरतीच येतात. आणि मधूनमधून ते दोन बोटं कानामागे लावतात. घरच्यांना वाटलं, कान ठणकतो. तीन दिवस कानात थेंब घातले. चौथ्या दिवशी त्यांनी बाटली हिसकून खिडकीबाहेर भिरकावली. शेवटी मिलच्या जुन्या चाळीतली मैनाबाई भेटायला आली. तिने एकदा पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. कान नाई वो दुखत त्याह्यचा, ती म्हणाली, सूर्यभानले बलावून राहिले ते.

अकोल्याच्या कापडमिलमध्ये सत्तारसोबत होता तेव्हा सूर्यभान कानामागे विडी खोचून ठेवायचा. मिलमध्ये तीच त्याची खूण होती.

ज्याने साचाखातं पाहिलं नाही त्याला हे समजणार नाही. मागाला मिलमध्ये साचा म्हणत, आणि एका छपराखाली असे चारशे साचे चालत. तिथे शेजारच्याच्या कानाशी बोंब मारली तरी ऐकू येत नसे. म्हणून माणसं ओठांनी बोलत. आवाज काढायचाच नाही, तोंड मात्र नीट उघडून प्रत्येक शब्द घडवायचा, आणि अडलं तिथे बोटांची खूण करायची. चार साचे पलीकडचा माणूस ते वाचून उत्तर देई. दर माणसाला खुणेचं नाव होतं. बोलताना उजेडाकडे तोंड करायचं हा रिवाज होता, आणि मिशी ठेवायची नाही हा दुसरा. वरचा ओठ झाकलेल्या माणसाचं बोलणं अर्धं बुडतं. खात्यात मिशीवाला एकच माणूस होता, जॉबर म्हणजे मुकादम, आणि त्याचं तसंही कोणी ऐकत नव्हतं.

गाणीही अशीच झाली. सत्तार आणि सूर्यभान समोरासमोरच्या साच्यांवर होते. एकाने ओठांनी सवाल टाकायचा, दुसऱ्याने ओठांनीच जवाब द्यायचा, ताल चारशे साचे धरतच होते. पाळी सुटेपर्यंत गाणं पुरं व्हायचं, आणि ते पहिल्यांदा कानांनी ऐकू यायचं ते चाळीच्या ओट्यावर, ढोलक आणि खंजिरी घेऊन बसल्यावर. गणपतीत, उरसात साचाखात्याची पार्टी म्हटली की अकोल्यातले लोक सतरंज्या घेऊन जागा धरायला येत.

मिल बंद पडली. सहा महिने माणसं फाटकाशी जाऊन उभी राहिली, मग एकेक जण पांगला. सत्तार लग्नाच्या बॅन्डमध्ये शिरला, लाल कोट घालून क्लॅरिनेट वाजवू लागला. सूर्यभान सासुरवाडीच्या ओळखीने अमरावतीला एका गोदामावर चौकीदार झाला. तिथे गोण्यांवर बसून गाताना गजेंद्र नावाच्या कॅसेटवाल्याने त्याला ऐकलं. चाल झकास आहे, गजेंद्र म्हणाला, पण धोटा म्हणजे काय ते कोणाला ठाऊक? सूर्यभानने सांगितलं की धोटा म्हणजे साच्यात आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो. मग तर काढाच, गजेंद्र म्हणाला, आणि तो रडका जवाबही काढा, लग्नात लोकांनी नाचायचं का डोळे पुसायचे? सूर्यभानने एका दुपारी ते काढलं. ‘सांग धोट्या’चं ‘सांग पोट्ट्या’ झालं. सत्तारच्या जवाबाच्या जागी असा जवाब आला:

गोऱ्या पोरीच्या पदराआड माहं गाव रं,
रातभर नाच माह्यासंगं, मंग पुस नाव रं.

कॅसेटवर छापलं होतं, गीत आणि गायन सूर्यभान. वर फोटो होता. फोटोसाठी गजेंद्रने त्याला मिशी वाढवायला लावली होती, आणि ती त्याने पुढे तशीच ठेवली.

कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या, गाणं राहिलं. कोणी त्याची गती वाढवली, कोणी खाली दणका भरला, आणि आता बुलडाण्यापासून वर्ध्यापर्यंत डीजेवर ते वाजल्याशिवाय वरात हलत नव्हती. त्याच डीजेने बॅन्डवाल्यांना घरी बसवलं. गेल्या महिन्यातच नात्यातल्या एका लग्नात लोकांनी सूर्यभानला ओढत पुढे नेलं होतं, गाण्याचे मालक आले म्हणून. तो दोन्ही हात वर करून थोडा नाचलाही होता, आणि मग तीन दिवस त्याच्या जेवणावर वासना नव्हती.

अकोल्यात उतरून तो जुन्या शहरात आला तेव्हा पाऊण वाजला होता. गल्लीच्या तोंडाशीच एक ट्रक उभा होता, त्यावर माणसाच्या उंचीचे स्पीकर रचलेले, आणि त्यातून त्याचाच तरुणपणीचा आवाज येत होता. सांग पोट्ट्या, येतं कुठून, जातं कुठं रं. भिंतीवरचे पत्रे थरथरत होते. ट्रकवरून पस्तिशीचा एक माणूस उडी मारून खाली आला आणि वाकून सूर्यभानच्या पायांना हात लावू लागला. तो शाहनवाज, सत्तारचा मुलगा.

तो भरभरून बोलला. सायंकाळी पातूरला वरात आहे, चार वाजता निघायचं, म्हणून सामान तपासून राहिलो. चाचा, तुमच्या या एका गाण्यावर माहं घर चालते. लोक दुसरं वाजूच देत नाईत. अब्बांना मी कितीदा म्हटलं, तुम्ही तं यांच्यासोबत मिलमध्ये होते, एकदा भेट करून द्या. ते काही बोलतच नव्हते. सूर्यभानने विचारलं, तपासणी रोज इथेच करतोस का? इथेच, शाहनवाज म्हणाला, आणि बोट दाखवलं. वर सत्तारची खिडकी होती.

सूर्यभानला वाटलं, इथूनच मागे फिरावं. पण हलीमाबी दारात येऊन उभी राहिली होती. या भाऊ, ती म्हणाली, सकाळपासून दाराकडेच डोळे लावून बसले आहेत.

सत्तार खाटेवर टेकून बसला होता. गळ्याशी पांढरी पट्टी, अंगाचं पार चिपाड झालेलं. दाढी होती, पण वरचा ओठ आजही गुळगुळीत. ऐकू फार कमी येतं, अफिफाने दारातच सांगून ठेवलं होतं. सूर्यभान उशाशी स्टुलावर बसला. सत्तारने हाताने त्याला उठवलं आणि स्टूल खिडकीजवळ सरकवायला लावलं, उजेडात. मग तो बोलू लागला.

सूर्यभानला भीती होती की आता आपल्याला वाचता येणार नाही. पहिले दोनचार शब्द सुटलेही. मग आतलं काहीतरी जागेवर आलं आणि त्याला सत्तारचं बोलणं असं लख्ख कळू लागलं, जणू मधे दिवस गेलेच नाहीत. सत्तार म्हणत होता, आलास. मिशी वाढवली तुनं, थोबाड जॉबरसारखं दिसते. मग हसू मावळलं. खाली जे वाजते ते रोज चार वर्षं आयकतो मी. आयकू येत नाई तं खाटेतून येते. माह्या पोराले ठाव नाई ते माहं हाय म्हणून. मी सांगितलं नाई. मले वाटलं तू येशीन, तू सांगशीन. आता मले सांगता येत नाई. तू सांग. गाणं कोणाचं व्हतं ते सांग, अन् तो जवाब तुनं काढला ते सांग.

तो थांबला. खोलीत तिघंही सूर्यभानच्या तोंडाकडे पाहत होती. शाहनवाज दाराला टेकला होता, हलीमाबीने पदर तोंडाशी धरला होता.

"आबाजी, काय म्हणून राहिले बडे अब्बा?" अफिफाने सूर्यभानला विचारलं.

पाच दिवस हे घर या एका वाक्यासाठी ताटकळलं होतं, आणि ते वाक्य आता एकट्या सूर्यभानजवळ होतं. दुसरं कोणीच ते वाचू शकत नव्हतं. मैनाबाईलाही माणसांच्या खुणा तेवढ्या ठाऊक होत्या, ओठ वाचता येत नव्हते. त्याने खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"तब्येत सांभाळ म्हणते," तो म्हणाला. "अन् जुन्या दिवसांची लय आठवण येते म्हणते."

हलीमाबीच्या डोळ्यांत पाणी आलं. अफिफा हसली, एवढंच होतं का, म्हणाली. शाहनवाजने मोठा श्वास सोडला आणि चहा सांगायला वळला.

सत्तारला यातलं काही ऐकू आलं नव्हतं, आणि मिशीखालून त्याला काही वाचताही आलं नव्हतं. पण त्याने अफिफाचं तोंड पाहिलं, मग मुलाचं. या गोष्टीवर कोणी हसलं नसतं. तो सूर्यभानकडे बघत राहिला. भांडं फेकलं नाही, काही नाही. ओठ मिटून घेतले आणि हळूहळू, हाताने उशी सरकवत, भिंतीकडे तोंड केलं. साचाखात्यात याहून मोठी शिवी नव्हती. तोंड फिरवलं की बोलणं संपलं.

थकले असतील, हलीमाबी म्हणाली. सूर्यभानने चहा अर्धा टाकला, पाय मोकळे करून येतो म्हणाला आणि जिना उतरला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. तो मोर्णा नदीच्या पुलापर्यंत गेला, परत फिरला, पुन्हा गेला. बसस्टँडचा ऑटो समोर येऊन उभा राहिला तेव्हा तो बसलाही, आणि दहा पावलांवर उतरला. ऑटोवाल्याने अस्सल अकोल्याची एक शिवी हासडली. सूर्यभान स्वतःशी भांडत होता. आता सांगून कोणाचं भलं होणार? गाण्याचं तर वाट्टोळं झालंच आहे. शाहनवाजची रोजी त्यावर आहे, त्याचं मन कशाला मोडायचं? आणि अमरावतीत लोक काय म्हणतील, पोरगा किशोर काय म्हणेल? एकेक कारण चांगलं होतं. पण प्रत्येक कारणाशेवटी तो मनात डोकावून ती कडी शोधत होता आणि तिथे गोऱ्या पोरीचा पदरच होता. सत्तार गेला की खरी कडी जगात कुठेच उरणार नव्हती. तो एकटाच खोटी घेऊन उरणार होता. तीही लोकांना पाठ.

कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान होतं. सूर्यभान आत जाऊन खुर्चीत बसला.

मिशी काढायची म्हटल्यावर न्हावी बिचकला. घरी कोणी गेलं का, त्याने विचारलं. कोणी गेलं नाही, सूर्यभान म्हणाला, तू काढ. आरशात जो माणूस निघाला त्याचा वरचा ओठ गोरा आणि नागडा होता, बाकी चेहरा म्हातारा. त्याला स्वतःचीच लाज वाटली. तरी तो न्हाव्याला दोनदा म्हणाला, अजून बारीक कर.

जिना चढून तो खोलीत आला तेव्हा अफिफाने आधी ओळखलंच नाही. शाहनवाजला वर बोलाव, त्याने सांगितलं. शाहनवाज हात पुसत आला. सूर्यभान खाटेला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेला, तिथे उकिडवा बसला, आणि सत्तारच्या खांद्याला हात लावला. सत्तारने डोळे उघडले. समोर तो ओठ होता. मग सूर्यभानने त्याला बसतं केलं, स्वतः खिडकीच्या उजेडात उभा राहिला, आणि बोलायला लागला. आवाज शाहनवाजसाठी होता आणि ओठ सत्तारसाठी, म्हणून तो एकेक शब्द घडवून बोलत होता.

"शाहनवाज, मघाशी मी खोटं बोललो. तुह्ये अब्बा तब्येतीचं म्हणत नव्हते. तू जे वाजवतं ते गाणं आमचं दोघांचं हाय. सवाल माहा, जवाब त्याह्यचा. मी त्याह्यचा जवाब काढून फेकला, घाण घातली, अन् फकस्त माहं नाव छापलं. त्याह्यले पुसलं नाई. बत्तीस वर्सं झाले. हे सांग म्हणत होते ते मले."

शाहनवाजने बापाकडे पाहिलं. सत्तारने मान हलवली, एकदाच.

"मी चार वर्षांपासून ते त्यांच्या खिडकीखाली वाजवून राहिलो," शाहनवाज हळूच म्हणाला. मग सूर्यभानकडे वळला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "तुम्ही मघाशी माझ्याकडून पाय शिवून घेतले, चाचा."

"हाव," सूर्यभान म्हणाला.

शाहनवाज आणखी बोलला असता, पण सत्तारने खाटेच्या कडेवर बोटं आपटली आणि सूर्यभानला आपल्याकडे बघायला लावलं. माफीबिफीचं नंतर, त्याचे ओठ म्हणाले. कडी म्हण.

सूर्यभानने सांगितलं की आठवत नाही. आज सकाळपासून, बसमध्ये, पुलावर, खूप शोधली. शेवटचे शब्द आहेत, मधलं गेलं. हे कबूल करणं त्याला आधीच्या सगळ्याहून जड गेलं. सत्तारच्या तोंडावर राग आला नाही. नव्या बदली कामगाराकडे जुना साचेवाला पाहतो तसं त्याने पाहिलं, कीव आणि कंटाळा मिळून. आणि त्याने कडी सांगायला सुरुवात केली, तोंड पूर्ण उघडून, शब्दाशब्दाला थांबून. सूर्यभान मागोमाग मोठ्याने म्हणू लागला. अफिफाने वही ओढून घेतली.

सांग धोट्या, येतं कुठून, जातं कुठं रं,
धावू धावू मेला तरी गाव कुठं रं?

या काठापून त्या काठावरी माहं गाव रं,
मी थांबलो का तुह्या घराचं पुस नाव रं.

हलीमाबी पुटपुटली की हे तर ते मिल बंद व्हायच्या आधी वर्षभर घरी गुणगुणायचे, तेव्हा तिला वाटायचं, काय अभद्र बोलतात. शाहनवाजने ओळ पुन्हा विचारली. मनात दोनतीनदा घोळवली. त्याचा पाय आपोआप ताल धरू लागला आणि त्याने तो थांबवला.

"यावर नाचन कोण?" तो म्हणाला.

सूर्यभानने ते सत्तारला सांगितलं. सत्तारचा जवाब तयार होता, आणि सूर्यभानने या वेळी त्यातला एक शब्दही कमी केला नाही.

"म्हणते, नाचू नोका म्हणा. दोन मिनिटं उभे राहून आयका म्हणा, एवढी वरात कोणाची पळून चालली नाई."

शाहनवाजला हसू आलं, त्याने ते दाबलं. आपण काही कबूल केलेलं नाही, तो म्हणाला. पातूरवाल्यांनी ते गाणं मागून घेतलं आहे, तेच द्यावं लागेल. मात्र तो खाली गेला आणि माईक व जुना लॅपटॉप घेऊन वर आला. भरून तर ठेवतो, म्हणाला, पुढचं पुढे पाहू.

सूर्यभान बाहत्तर वर्षांचा होता आणि गेल्या कित्येक वर्षांत तो गायला नव्हता. लोक त्याला गायला सांगतच नसत, त्याचा आवाज यंत्रात होताच. पहिल्या खेपेला तो वरच्या सुरात चढला आणि खोकला. दुसऱ्या खेपेला ‘धोट्या’च्या जागी तोंडातून ‘पोट्ट्या’ निघालं. सत्तारने खाटेवर थाप मारून थांबवलं. तिसऱ्या खेपेला जवाबाची पहिली ओळ नीट गेली, दुसरीत सवयीने जीभ पुन्हा रातभर नाचाकडे वळली, आणि पुन्हा थाप पडली. सत्तारला सूर ऐकू येत नव्हता, पण एकही चुकीचा शब्द त्या उघड्या ओठावरून निसटत नव्हता. अफिफा वही समोर धरायला पुढे झाली तर त्याने तिला हाताने बाजूला केलं. वाचून नाही, पाठ.

शाहनवाजचा फोन वाजला. पातूरचे लोक विचारत होते, गाडी निघाली का. निघतोच आहे, तो म्हणाला आणि तिथेच बसून राहिला. फोन पुन्हा वाजला तेव्हा त्याने तो उलटा करून ठेवला.

पाचव्या खेपेला सूर्यभान शेवटपर्यंत पोहोचला. आवाज फाटला होता, दम कुठेही तुटत होता, पण शब्द सगळे जागच्या जागी होते. थाप पडली नाही. तो घामाने निथळत खाटेशी आला आणि आवाज न काढता, फक्त ओठांनी, सत्तारला काहीतरी विचारलं. सत्तारनेही तसंच उत्तर दिलं.

"तुम्ही काय पुसलं, आबाजी?" अफिफा म्हणाली. "अन् ते काय म्हणाले?"

"मी पुसलं, माफ केलं का."

"मग?"

"म्हणते, कडी आता जराशी बसली. एकदाच बरोबर आलं तं ते काई शिकणं नव्हे. अजून म्हण."

शाहनवाजने घड्याळाकडे पाहिलं, चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तो माईक सूर्यभानच्या तोंडाजवळ आणखी पुढे सरकवू लागला, आणि सूर्यभानने तो हाताने बाजूला केला, ओठ झाकले जात होते म्हणून.